दोघी एका रणगाड्यात

लाइफ तीन

अर्ध्या गावाची क्षमा मागून मी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, परत आले, तेव्हा आत्याबाई आणि चेलना एकाच रणगाड्यात बसल्या होत्या.

म्हणजे बसल्या होत्या हॉलमधल्या दिवाणावर, खांद्याला खांदा लावून. दोघींच्या मांड्यांवर मिळून एक टॅब होता. त्याच्या डाव्या कडेला आत्याबाईंचा डावा अंगठा, उजव्या कडेला चेलनाचा उजवा. एकीनं रणगाडा चालवायचा, दुसरीनं गोळी मारायची.

"डावीकडं, आई, डावीकडं! मारू?"

"थांब. येऊ दे जवळ. आता मार!"

धडाम झालं. दोघी हसल्या. खेळाचा तो आवाज मला झोपेतही ओळखता आला असता.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. चेलना माझी धाकटी जाऊ, लग्नाला एक वर्ष झालेली, पुण्याला कंपनीत कामाला. पर्युषणाचा शेवट आणि क्षमावणी, म्हणजे सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस, घरी करायची म्हणून ती आणि माझा दीर जिनेंद्र तीन दिवसांपूर्वी जयसिंगपूरला आले होते. माझे यजमान भरतेश दुकानावर होते. मी पायातलं काढलं, हातातलं ताट टीपॉयवर जरा जोरात ठेवलं. कोणी वर बघितलं नाही.

"वहिनी, बघितलं का?" जिनेंद्र खुर्चीतून म्हणाला. "आपला जुना खेळ. तसाच्या तसा. मी टॅबवर टाकून दिला चेलनाला."

"तसाच्या तसा कसा असेल?" मी म्हणाले. "याला रिमोट कुठं आहे?"

"काचेवरच बटणं आहेत, ताई," चेलना म्हणाली. "ही बघा, गोल."

"ती बटणं नव्हेत. बटणांची चित्रं आहेत. बोटाला लागायला नको? न बघता सापडायला नको?"

"सवय होते."

"आणि दोघींनी खेळायचं कसं?"

"खेळतोय की आम्ही," आत्याबाई म्हणाल्या. नजर काचेवरच होती. "उजवीकडं आला बघ गं. मार, मार!"

आम्ही, म्हणाल्या.

"टीव्हीचा खेळ टीव्हीवर," मी म्हणाले. "उद्या तुम्ही चूलसुद्धा फोनवर आणाल."

"आणायला पाहिजे," जिनेंद्र हसला. "बरं वहिनी, ते सांगायचं राहिलं. आईला या वेळी पुण्याला नेतोय. दिवाळीपर्यंत तरी. नंतर बघू."

"मला कोणी विचारलं नाही."

"आत्ता सांगतोय की."

"आत्याबाई, तुम्ही जाणार?"

आत्याबाईंनी अंगठा उचलला नाही. "बघू," म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला माहीत होता. नको असेल तर त्या सरळ 'नको' म्हणायच्या.

इथं थोडं थांबवते. त्या रिमोटचं सांगायला हवं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा बावीस वर्षांची होते. शिरोळकडच्या एका लहान गावातली. पहिला महिनाभर मी या घरात फक्त 'हो' आणि 'वाढू का' एवढंच बोलले असेन. एका दुपारी पाणी विचारायला म्हणून आत्याबाईंच्या खोलीचं दार ढकललं, तर त्या जमिनीवर मांडी घालून, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून, रणगाडे फोडत होत्या. टीव्ही गेम जिनेंद्रसाठी घेतलेला. तो कॉलेजला गेला आणि डबा कपाटात गेला. तो कपाटातून रोज दुपारी बाहेर येतो हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

"दार लाव," त्या म्हणाल्या.

मी बाहेर जाऊन लावायला लागले.

"खुळी आहेस काय? आतून लाव." आणि त्यांनी डब्यातून दुसरा रिमोट काढून माझ्याकडं सरकवला.

माझं सासर तिथं सुरू झालं. त्या पिवळ्या रणगाड्यात बसल्या की मी हिरव्यात. खाली विटांच्या चौकटीत एक झेंडा, तो दोघींनी मिळून सांभाळायचा. फेरी संपली की पडद्यावर यादी यायची, वीसपैकी कोणी किती पाडले. आणि आमचा नियम असा, की जिचा आकडा कमी, तिनं संध्याकाळच्या भाकऱ्या करायच्या. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्यामुळं खेळ चार वाजता थांबायचाच. पुरुषांना वाटायचं, सासू-सून आळीपाळीनं भाकऱ्या करतात, काय गोडवा आहे.

दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नव्हतं. खेळ सुरू करायचा, मधेच थांबवायचा, तो फक्त पहिल्या रिमोटवरून. मी बारा वर्षं दुसरा रिमोट धरला. मला कधी कमी वाटलं नाही. त्यांनी सुरू करायचं आणि मी तयार असायचं, एवढंच.

पर्युषणात आत्याबाई दहा दिवस खेळाचा त्याग करायच्या. कोणी साखर सोडतं, कोणी चप्पल सोडतं, त्या रणगाडे सोडायच्या. रिमोटच्या वायरी गुंडाळून डबा कपाटावर. त्या वर्षी पर्व सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्या हरल्या होत्या. म्हणून नियमानं दहाही दिवस भाकऱ्या त्यांच्याकडं.

आणि आता पर्व संपलं होतं. डबा उघडायचा दिवस होता. तो उघडायच्या आधीच त्या दुसऱ्याच कशावर तरी, दुसरीबरोबर खेळत बसल्या होत्या.

"आत्याबाई," मी म्हणाले, "आज डबा काढायचा ना?"

"आज राहू दे की. पोरं आलीत."

"पोरांनापण बघू दे. हरेल तिच्या भाकऱ्या."

चेलनानं मान वर केली. "म्हणजे? तुम्ही यावर भाकऱ्या ठरवता?"

"बारा वर्षं," मी म्हणाले. हे बोलताना मला किती बरं वाटलं ते आजही आठवतं.

मी स्टूल घेतलं, डबा काढला, वायरी सोडल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारली. आत्याबाईंनी टॅब चेलनाच्या मांडीवर सरकवला आणि त्या उठून खाली येऊन बसल्या. पहिला रिमोट घेतला. स्टार्ट दाबायला त्यांना दोनदा जोर लावावा लागला.

"यातलं रबर कडक झालंय," मी सगळ्यांना म्हणाले.

फेरी झाली. यादी आली. तेरा माझे, सात त्यांचे.

मी जिंकले. त्या भाकऱ्या करायला उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुण्याला गेल्या. एवढंच झालं.

नाही.

एवढंच झालं असतं तर मी हे सांगायला बसले नसते. आमच्या खेळात मधून सुरू करता यायचं नाही. चेलनाच्या टॅबमध्ये म्हणे कुठंही थांबून तिथूनच पुढं जाता यायचं, चुकलं तर दोन पावलं मागंसुद्धा. आमच्यात मेलं की पहिल्या फेरीपासून.


लाइफ दोन

अर्ध्या गावाची क्षमा मागून मी बस्तीतून परत आले. दोघी एका रणगाड्यात. ताट टीपॉयवर. बघू. डबा काढला. फुंकर मारली.

इथून सावकाश सांगते.

आमच्या खेळात आपल्याच जोडीदाराला आपली गोळी लागली तर तो मरत नाही. थोडा वेळ नुसता जागेवर लुकलुकत राहतो. हलता येत नाही. पहिल्या वर्षी एकदा माझ्याकडून चुकून असं झालं, तर आत्याबाई म्हणाल्या होत्या, "घरच्या माणसाला मारायचं नाही." तेव्हापासून तो नियमच होऊन गेला. भाकऱ्यांपेक्षा मोठा.

त्या दिवशी पिवळा रणगाडा विटांच्या कोपऱ्यावर आला. समोरून तीन शत्रू येत होते. तिन्ही त्यांच्या वाट्याचे.

मी पिवळ्याला गोळी मारली.

तो लुकलुकायला लागला. मी पुढं जाऊन तिन्ही पाडले.

"चुकून लागली," मी म्हणाले.

आत्याबाईंनी पिवळा परत झेंड्याकडं वळवला.

थोड्या वेळानं पुन्हा मारली. पुन्हा पाडले. या वेळी 'चुकून' म्हणाले नाही. मागं जिनेंद्र म्हणाला, "वहिनी, फाउल!" आणि हसला. त्याला तो खेळ वाटत होता. माझी पाठ दिवाणाकडं होती, पण चेलना हसत नाहीये हे मला कळत होतं. ती पडद्याकडं बघतच नव्हती. ती आत्याबाईंच्या हाताकडं बघत होती.

तेरा आणि सात.

"चला, भाकऱ्या," आत्याबाई म्हणाल्या आणि उठायला हात टेकला. उजवा टेकला, लगेच उचलला, डावा टेकला.

"आई, थांबा." चेलना खाली उतरली. तिनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी गाठीसारखं सुजलं होतं. तिनं नुसता हात लावला, तर आत्याबाईंचा श्वास आत ओढला गेला.

"आई, हे किती दिवसांचं?" जिनेंद्र उठून आला.

"काही नाही रे. वयाचं आहे."

"मी आल्या दिवशीच बघितलं," चेलना म्हणाली. "भाकरी एका बाजूला जाड. उजव्या कडेला सगळ्या फुटलेल्या. पीठ मळतानाच आईंना अंगठ्यावर जोर देता येत नाही. म्हणून तर तो खेळ टाकून घेतला टॅबवर. नुसतं टेकवायचं असतं, दाबायचं नसतं. उजव्या बाजूला मी होते, म्हणजे त्यांना तेवढंही नको." मग ती माझ्याकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं झालं असतं.

"ताई, तुम्ही रोज यांच्या शेजारी बसून खेळता. तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही," मी म्हणाले. "मला कसं दि


शेवटची लाइफ

मला दिसलं होतं.

संक्रांतीला दिसलं होतं, म्हणजे त्याच्या आठ महिने आधी. आम्ही तिळाचे लाडू वळत होतो. पाक गरम असतानाच वळावे लागतात. आत्याबाईंचे लाडू वळले जाईनात. त्यांनी चौथा लाडू परत परातीत टाकला आणि म्हणाल्या, "तू वळ, मी खोबरं किसते." खोबऱ्याची वाटी त्यांनी डाव्या हातात धरून किसली. या घरात आल्यापासून त्यांना डाव्या हातानं काही करताना मी पाहिलं नव्हतं.

मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा ओळीनं तीन दिवस जिंकले. आधीच्या बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आत्याबाई जबरदस्त खेळायच्या. मी शंभरातले वीस दिवस जिंकायचे. आणि आता रोज. मी स्वतःला सांगितलं, तुझा हात बसला. हळूहळू ते मला खरं वाटायला लागलं, आणि जेव्हा वाटेनासं व्हायचं तेव्हा मी आणखी जोरात बटणं दाबायचे.

हरल्यामुळं भाकऱ्या रोज त्यांच्याकडं. भाकऱ्यांमुळं अंगठा आणखी सुजायचा. सुजलेल्या अंगठ्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा हरायच्या. हा फेरा मला स्वच्छ दिसत होता. ताटात येत होता. एकदा तर, सांगतेच आता, भरतेशसमोर मी म्हणाले, "आत्याबाई, हल्ली भाकरी जाड होते हं तुमची." आणि त्या म्हणाल्या, "होते खरी."

पर्वाच्या आदल्या दिवशी मला त्यांना जिंकू देता आलं असतं. तेव्हा तर अठरा पडेपर्यंत नऊ-नऊ होते. शेवटचे दोन रणगाडे उरले होते. दोन्ही त्यांच्या समोर होते, त्यांनी बटण दाबलं आणि गोळी सुटलीच नाही. मी बाजूनं जाऊन दोन्ही पाडले. पर्वाचे दहा दिवस. रोज आठ भाकऱ्या.

का? मी स्वतःला रोज विचारून बघितलंय. या घरात मला सुरू करायचं बटण कुठंच नव्हतं, असं काहीतरी म्हणता येईल. पण मला ते कधी खुपलं नव्हतं. मला फक्त जिंकायला आवडत होतं. ज्यांच्याकडून शिकले त्यांना हरवायला तर फारच.

आणि मग ही आली. तीन दिवस घरात होती आणि जे मी आठ महिने झाकून ठेवलं होतं ते तिला एका जेवणात दिसलं. मला टॅबचा राग नव्हता. काचेवरच्या बटणांचा नव्हता. आत्याबाईंच्या दुखऱ्या अंगठ्याच्या जागी आपला अंगठा ठेवायचं तिला सुचलं, याचा मला इतका मत्सर वाटला की माझे कान तापले. ती जागा माझी होती. मी ती रिकामी ठेवली होती, तरी माझी होती.

म्हणून डबा काढला. म्हणून घरच्या माणसाला मारलं. दोनदा.

"ताई, तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही. मला कसं दिसणार?"

टीव्हीवर यादी अजून होती. तेरा, सात.

"तिला नव्हतं दिसलं," आत्याबाई म्हणाल्या. "मी दाखवलंच नाही. चला, चार वाजत आले. जिनू, जा, भरतेशला बोलावून आण. जेवणाआधी क्षमा मागून घेऊ सगळे."

भरतेश आले. आमच्याकडं घरची क्षमावणी अशीच होते, जेवणाआधी, उभ्या उभ्या. धाकट्यांनी थोरांच्या पाया पडायचं आणि मग थोरांनीही धाकट्यांपुढं हात जोडायचे. वाक्य ठरलेलं असतं. वर्षभरात कळत-नकळत माझ्याकडून मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. कोणी कशाबद्दल ते सांगत नाही. कोणी विचारत नाही. सकाळपासून बस्तीत मी ते वाक्य दीडशे जणांना म्हटलं होतं.

आत्याबाईंच्या पाया पडले आणि तेच वाक्य म्हटलं. एकही शब्द जास्त नाही.

त्यांनी हात जोडले. उजवा अंगठा डाव्याला टेकत नव्हता. त्या इतक्या हळू बोलल्या की जवळ उभ्या असलेल्या चेलनालाही ऐकू गेलं नसेल.

"संक्रांतीपासून तुला दिसत होतं. मला ठाऊक आहे. मी बोलले असते तर तू खेळ बंद केला असतास. मग दुपारी मी काय केलं असतं? म्हणून गप्प बसले. भाकऱ्या थापल्या. पण त्यात तुला अशी करून ठेवली मी. त्याची क्षमा."

मी मान वर केली नाही.

"आणि गोळी का मारलीस तेही कळलं," त्या म्हणाल्या. "ते मात्र आवडलं नाही."

मग मोठ्यानं सगळ्यांना म्हणाल्या, "मी जाते पुण्याला. दिवाळीपर्यंत. हात दाखवून येते तिथं."

दिवाण धरून त्या खाली वाकल्या, पहिला रिमोट उचलला, त्याची वायर काढली आणि माझ्या हातात दिला. "हा ठेव तुझ्याकडं. माझ्यानं आता दाबवत नाही."

"आज भाकऱ्या मी करते," मी म्हणाले.

"जिंकलीस तू."

"असू दे."

"नियम आहे."

"आत्याबाई, असू दे ना."

त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. "कर," म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. रिमोट ओट्यावर, परातीशेजारी ठेवला. आठ महिन्यांत मी भाकरीचं पीठ मळलं नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी किती जोर लागतो ते विसरले होते. पहिली भाकरी जाड झाली. उजव्या कडेला फुटली. माझे दोन्ही अंगठे धड होते, तरी फुटली.

बाहेर पुन्हा तो आवाज सुरू झाला.

"वर घ्या, आई, वर!"

"घेतलाय की. तू मार!"

दुसरी भाकरी थापताना माझा हात थांबत होता, कारण कान बाहेर होते. दोघी मिळून आत्याबाईंचा अंगठा वाचवत होत्या, एवढंच चाललं होतं बाहेर. मला हे कळत होतं. नुकतीच क्षमा मागून झाली होती. आणि तरीही, बाहेरचा टॅब पडून फुटावा, असं मला वाटत होतं.

आत्याबाई दिवाळीला आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. त्यांच्या अंगठ्याला आधाराचा पट्टा आला. आता या गोष्टीला अकरा वर्षं झाली. त्यानंतर आम्ही दोघी शेजारी बसून कधी खेळलो नाही. कधी त्या म्हणाल्या नाहीत, कधी मी म्हणाले नाही. आता तो खेळ माझ्याही फोनवर आहे, एकटीला पुरेल एवढा. क्षमावणीला मी अजून तेच ठरलेलं वाक्य म्हणते.

पण मला सांगायचं होतं ते त्या संध्याकाळचं.

तिसरी भाकरी तव्यावर होती. पिठानं भरलेल्या अंगठ्यानं मी रिमोटवरचं स्टार्ट दाबून बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. खरंच कडक होतं. दोनदा दाबावं लागलं. वायर ओट्यावरून खाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली.

बाहेर धडाम झालं आणि दोघी हसल्या.